राज्यकर्त्यांची शाळा आणि दारिद्र्याचा अभ्यास

लोकप्रशासन हा विद्यापीठात पदवीनंतर शिकण्याचा स्वतंत्र विषय भारतात विसाव्या शतकाच्या मध्यास मानला गेला. परंतु राज्यकारभार करणाऱ्यांना वर्गात बसवून शिकवण्याची प्रथा त्याहून दीडशे वर्षे जुनी आहे, आणि ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्यातील दरिद्री माणसांची स्थिती पद्धतशीर तपासण्याची प्रथा तर निराळ्याच वाटेने आली. सामाजिक धोरण म्हणजे अन्न, काम, निवारा, आरोग्य आणि शिक्षण यांबाबत शासन नागरिकांचे काय देणे लागते आणि ते देणे त्यांच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, याचा विचार. आज हा विचार लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सहज सामावलेला दिसतो, त्यामुळे ही दोन कुळे मुळात वेगळी होती आणि त्यांची सोयरीक फार उशिरा जुळली, हे सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात हा इतिहास विशेष ठळकपणे वाचता येतो, कारण राज्यकर्त्यांच्या शाळेतील सिद्धान्ताची पहिली मोठी फजिती इंदापुरात झाली, आणि दारिद्र्याच्या विद्यापीठीय अभ्यासाला आरंभीच्या काळात पैसा पुरवला तो मुंबईच्या एका उद्योगी घराण्याने.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या तरुण नोकरांसाठी इंग्लंडमध्ये १८०६ साली एक महाविद्यालय काढले, जे तीन वर्षांनी हेलीबरी येथील इमारतीत गेले आणि पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे इतिहास व अर्थशास्त्राचा अध्यापक होता थॉमस माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेला. आणि १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच शिकवत राहिला. त्याच्या वर्गात खंडाचा सिद्धान्त शिकवला जाई. खंड म्हणजे जमिनीच्या उत्पन्नातून मजुरी, बी-बियाणे, बैलबारदाना आणि भांडवलावरील रास्त नफा वजा जाता उरणारा भाग. हा भाग कष्टाचे फळ नसून जमिनीच्या सुपीकपणाचे फळ असल्यामुळे त्यातून सरकारने कर घेतला तर शेतीला धक्का लागत नाही, असे त्या सिद्धान्ताचे म्हणणे होते. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरीचा हुशार विद्यार्थी पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांनी पुणे जिल्ह्यात जमाबंदीच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, कामावर नेमला गेला, तेव्हा त्याने हा सिद्धान्त शब्दशः अमलात आणला. १८२८ ते १८३० या काळात शेते मोजून, मातीची प्रतवारी लावून, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा मशागतीचा खर्च आणि उत्पन्न काढून जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याचा ५५ टक्के हिस्सा सरकारी सारा म्हणून ठरवण्यात आला.

कागदावर ही पद्धत निर्दोष होती. पण खर्च आणि उत्पन्नाचे आकडे ज्या देशी कारकुनांच्या हातून गोळा होत होते, त्यांच्यावर देखरेख करण्याइतके मनुष्यबळ नव्हते. धान्याचे भाव उतरत गेले, पण ठरलेला सारा उतरला नाही. आणि रयत गावे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात जाऊ लागली. अखेर ती जमाबंदी मोडीत काढावी लागली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत ठरवायची, त्या भागात पूर्वी प्रत्यक्ष किती सारा वसूल होत असे ते पाहायचे, आणि एकदा ठरवलेला दर तीस वर्षे बदलायचा नाही, ही त्यांची रीत होती. मुंबई इलाख्याची रयतवारी, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची, पद्धत पुढे याच पायावर उभी राहिली. प्रिंगलच्या चुकीचा दोष सिद्धान्ताला द्यावा की अंमलबजावणीला, याबद्दल इतिहासकारांनी बरेच लिहिले आहे; परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, गोल्डस्मिड-विंगेट जे शिकले ते शेताच्या बांधावर शिकले, आणि ते ज्ञान कोणत्याही वर्गात परत गेले नाही. हेलीबरी १८५८ मध्ये बंद झाले. त्याआधीच, १८५५ पासून, नेमणुका स्पर्धा परीक्षेने होऊ लागल्या होत्या, आणि ती परीक्षा ग्रीक, लॅटिन व गणित यांत चमकणाऱ्या पदवीधरांना सोयीची होती. कारभार करण्यासाठी कारभाराचे शिक्षण लागत नाही, सर्वसाधारण बुद्धिमत्ता पुरते, हा विश्वास त्यातून पक्का झाला, आणि आजच्या आपल्या सेवाभरतीतही तो पुरता मावळला आहे असे म्हणवत नाही.

गरिबांच्या स्थितीचा पद्धतशीर अभ्यास या प्रदेशात सरकारबाहेर सुरू झाला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनच्या जिल्ह्यांतून आपले प्रतिनिधी आणि पत्रलेखक यांच्यामार्फत पिकांची, भावांची, स्थलांतराची आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या हालअपेष्टांची माहिती गोळा करून सरकारकडे एकामागून एक वृत्तान्त पाठवले. त्या काळी व्हाइसरॉयचा प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या सर रिचर्ड टेंपल याने खर्च वाचवण्यासाठी मजुरी जवळपास एक पौंड धान्याच्या किमतीवर आणली होती, आणि त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली तेव्हा सभेने त्यांची बाजू उचलून धरली. सभेचे सूत्रधार गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या पाठीशी असलेले न्यायमूर्ती रानडे यांचे हे काम केवळ अर्जविनंत्यांचे नव्हते; किती अन्नावर माणूस काम करू शकतो, हा प्रश्न त्यांनी आकड्यांत मांडला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. मदतकामे केव्हा उघडायची, मजुरी किती द्यायची, अपंगांना घरबसल्या काय द्यायचे, याची नियमपुस्तके म्हणजे या संहिता. एका अर्थाने त्या भारतातील सामाजिक धोरणाचा पहिला लिखित मसुदा होत्या, जरी त्यांच्या कर्त्यांना तो शब्द माहीत नव्हता आणि त्यांचा मुख्य हेतू माणसे जगवताना तिजोरी सांभाळण्याचा होता.

यानंतरचा धागा लंडनला जातो. इंग्लंडमध्ये गरिबांना मदत देण्याचे काम शतकानुशतके ‘पुअर लॉ’ या दरिद्र-कायद्यानुसार चाले, आणि त्याच्या जोडीला खाजगी धर्मादाय संस्था होत्या, ज्यांच्या मते दारिद्र्य हा बहुतांशी स्वभावदोष होता. १९०९ मध्ये त्या कायद्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगातील अल्पमताच्या अहवालात बिॲट्रिस वेब यांनी त्याच्या उलट बाजू मांडली : दारिद्र्य येऊच नये म्हणून राज्याने आधी उपाय योजावेत. तीन वर्षांनी, १९१२ मध्ये, धर्मादाय संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिकवणारी लंडनमधील शाळा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विलीन झाली आणि तेथे सामाजिक शास्त्र व प्रशासन यांचा विभाग उभा राहिला. याच सुमारास जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी दारिद्र्याची कारणे आणि त्याच्या निवारणाचे मार्ग यांच्या संशोधनासाठी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊ केले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधींच्या लढ्याला मदत करणारा हा माणूस साम्राज्याच्या राजधानीतील दारिद्र्य-संशोधनाचाही पोशिंदा झाला, या गोष्टीतील विलक्षणपणा इंग्रजांच्या इतिहासलेखनात फारसा उमटत नाही. रतन टाटा प्रतिष्ठानचे संचालक म्हणून आर. एच. टॉनी हा इतिहासकार आला. आणि त्याच विभागात तरुण अध्यापक म्हणून क्लेमंट ॲटली शिकवू लागला, जो पुढे सायमन आयोगाचा सभासद म्हणून भारतात आला आणि १९४७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता.

या देणगीतून निघालेल्या कामांपैकी भारताच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरले ते बाउली आणि बर्नेट-हर्स्ट यांचे १९१५ चे पुस्तक. रेडिंग, नॉर्दॅम्प्टन, वॉरिंग्टन आणि स्टॅन्ली या गावांतील कामगार कुटुंबांची पाहणी त्यांनी नमुना पद्धतीने केली. नमुना पद्धत म्हणजे घरोघर न जाता ठरावीक अंतराने काही घरे निवडायची आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. आज ती सर्वमान्य आहे, पण तेव्हा ती नवीच होती. दारिद्र्याचे सर्वांत मोठे कारण बेकारी किंवा व्यसन नसून नियमित कामाची तुटपुंजी मजुरी हे आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. यांपैकी बर्नेट-हर्स्ट पुढे अलाहाबादला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि इंग्रजी गावांत वापरलेली दृष्टी घेऊन त्यांनी मुंबईच्या गिरणगावाकडे पाहिले. मुंबईतील कामगार आणि त्यांची घरे यांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाकडून आला. त्याच वर्षी त्याच प्रकाशकाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथही काढला. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन आणि वित्तव्यवस्था हा होता, आणि पुढच्या वर्षी ते लंडन स्कूलमध्ये दाखल झाले, म्हणजे कारभाराचे शिक्षण आणि न्यायाचा प्रश्न या दोन गोष्टी एकाच अभ्यासकात एकत्र आल्याचे हे या देशातील फार आधीचे आणि फार मोठे उदाहरण. पण ते उदाहरणच राहिले, त्याचा अभ्यासक्रम झाला नाही.

मुंबई सरकारही या काळात स्वस्थ नव्हते. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली शहरातील २,४७३ कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. कौटुंबिक जमाखर्चाची चौकशी म्हणजे महिन्याची मिळकत धान्य, जळण, घरभाडे, कापड आणि कर्जफेड यांवर कशी वाटली जाते याची नोंद. त्या अहवालातील एक तुलना पुढे वारंवार उद्धृत झाली : मुंबईच्या कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेतील कमाल मर्यादेइतके होते, पण इलाख्याच्या तुरुंग-नियमांनी कैद्याला ठरवून दिलेल्या धान्याहून कमी होते. सरकारनेच सरकारच्या दोन नियमपुस्तकांच्या मापाने आपल्या प्रजेला मोजावे आणि तिसऱ्या कोणी न सांगता स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी, असा प्रसंग प्रशासनाच्या इतिहासात विरळा. सुमारे ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचेही याच काळातील पाहण्यांतून पुढे आले. आणि तरीही त्याच सरकारचा विकास विभाग त्याच वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे जी २०७ चाळींची वसाहत बांधत होता, जिला आजही बीडीडी चाळी म्हणतात, ती एकखोल्यांचीच होती. भाडे आणि गिरणीपासूनचे अंतर यांचा मेळ न बसल्याने त्यांतील पुष्कळ खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. चौकशी करणारे कार्यालय एका दालनात आणि बांधणारे खाते दुसऱ्या दालनात बसत होते.

पदव्युत्तर शिक्षणाची संस्था मात्र सरकारने काढली नाही, ती पुन्हा टाटांनी काढली. क्लिफर्ड मॅनशार्ट हा शिकागोत शिकलेला अमेरिकन मराठी मिशनचा कार्यकर्ता १९२५ मध्ये मुंबईत आला आणि त्याने नागपाड्याच्या दाट, मिश्र वस्तीत ‘नेबरहुड हाऊस’ हे शेजारकेंद्र सुरू केले, जेथे वाचनालय, दवाखाना, खेळ आणि वादसभा एकाच छपराखाली होत्या. सर रतन यांचे थोरले बंधू सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले. त्यांच्या संपत्तीतून निघालेल्या विश्वस्त निधीपुढे मॅनशार्टने अशी कल्पना मांडली की, दानधर्म करण्याऐवजी दानधर्म आणि सेवा कशी करावी हे शिकवणारी शाळा काढावी. १९३६ मध्ये नागपाड्यात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले, पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते, आणि नावाप्रमाणेच ते पदवीधरांसाठी होते. भारतातील ही समाजकार्याची पहिली व्यावसायिक संस्था. १९४४ मध्ये तिचे नाव ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या शाळेचा आरंभीचा अभ्यासक्रम बराचसा अमेरिकन होता आणि त्याचा कणा व्यक्तिसहाय्य कार्य हा होता. व्यक्तिसहाय्य कार्य म्हणजे अडचणीत सापडलेल्या एकेका माणसाची किंवा कुटुंबाची माहिती काढून, त्याच्याशी बोलून, त्याला स्वतःच्या पायावर उभे करण्याची पद्धत. शिकागोतील स्थलांतरित कुटुंबासाठी ती उपयोगी पडली असेल. पण ज्या शहरात गिरणीच्या दारात रोज सकाळी मुकादम बदली कामगार निवडत होता आणि त्या निवडीवर घरातली चूल अवलंबून होती, तेथे एकेका कुटुंबाला समजावून सांगण्याने काय साधणार, ही टीका योग्यच होती. शाळेला या पेचातून बाहेर काढले ते मुख्यतः कायद्यांनी. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यामुळे बालगृहांना प्रशिक्षित माणसे लागू लागली. १९३४ च्या मुंबईच्या औद्योगिक तंटा समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकारी हे पद निर्माण केले. आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पद निर्माण झाले की त्या पदाची पात्रता ठरते, पात्रता ठरली की ती देणारा वर्ग भरतो. सामाजिक धोरणाचे शिक्षण भारतात तत्त्वज्ञानाच्या आग्रहाने जेवढे वाढले नाही तेवढे या रुक्ष कलमांनी वाढवले. त्याची किंमतही मोजावी लागली : कल्याण अधिकारी मालकाच्या पगारावर असल्यामुळे कामगार कल्याणाचे शिक्षण बघता बघता मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे कलले.

लोकप्रशासनाचे वर्ग मात्र अन्यत्र भरत होते. मुंबईत १९२६ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी संस्था चालू होती, पण तिचा रोख नगरपालिकेच्या रोजच्या कामावर होता. विद्यापीठीय पातळीवर लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र, पूर्ण विभाग भारतात प्रथम निघाला तो १९४९-५० मध्ये नागपूर विद्यापीठात, आणि तेही मध्य प्रांत व वऱ्हाडात जनपद सभांचा, म्हणजे तालुका पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थांचा, प्रयोग नुकताच सुरू झालेला असताना. १९५३ मध्ये पॉल ॲपलबी या अमेरिकन तज्ज्ञांनी भारत सरकारला देशातील प्रशासनावरचा अहवाल दिला. ते सिरॅक्यूज विद्यापीठातील मॅक्सवेल शाळेचे अधिष्ठाता होते, आणि त्या शाळेची मुळे न्यूयॉर्कच्या नगरपालिका संशोधन केंद्रात होती, म्हणजे प्रशासन हे स्वतंत्र तंत्र मानणाऱ्या परंपरेत. त्यांच्या शिफारशीनुसार १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उघडली. दरम्यान १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्ष झाल्या होत्या. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते आणि आय. सी. एस. परंपरेचे सर्वांत तेजस्वी मराठी प्रतिनिधी होते. कारभाराची आणि कल्याणाची परंपरा एका घरात नांदत होती, पण मुंबई-नागपूर-दिल्लीच्या अभ्यासक्रमांत त्या दोन निरनिराळ्या विद्याशाखा राहिल्या : एकीत अधिकारी, अंदाजपत्रक आणि पदांची उतरंड; दुसरीत कुटुंब, वस्ती आणि सेवाभाव.

त्यांची खरी गाठ पडली ती महाराष्ट्रातच, आणि पुन्हा दुष्काळात. १९७२ च्या अवर्षणानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागेल त्याला काम हा हक्क झाला आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. दुष्काळ संहितेतील मदतकाम ही सरकारची कृपा होती, येथे ते सरकारचे देणे झाले. या योजनेचा अभ्यास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये केला, ज्या संस्थेत वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचे बहुचर्चित लेखन केले होते. परंतु कामे मंजूर करणारे आणि हजेरीपटावर सही करणारे हात जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांचे होते, आणि त्यांचे शिक्षण महसुली कायद्याचे होते, म्हणजे गोल्डस्मिड-विंगेट यांच्या वारशाचे. योजनेतील मजुरी, मोजमाप आणि उशिरा होणारे पगार यांबाबतच्या तक्रारींचा बराच भाग या फटीतून निघाला. आज लोकप्रशासनाचा पदव्युत्तर विद्यार्थी वुड्रो विल्सनच्या प्रशासनाच्या अभ्यासावरील १८८७ च्या लेखापासून आपल्या विषयाची सुरुवात मोजतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्या लेखाच्या शेजारी सार्वजनिक सभेचे दुष्काळ-वृत्तान्त आणि १९२३ चा मुंबईच्या कामगारांचा जमाखर्च हे दोन दस्तऐवज पहिल्या सत्रातच लावावेत.